वेड्याचे वकीलपत्र

वकिलाचे काम सुरू होते ते वकीलपत्रावरील सहीने. अशील आपली हकीकत सांगतो, वकील ती ऐकून घेतो, तीतील कायद्याच्या उपयोगाचे तेवढे निवडतो आणि न्यायासनापुढे मांडतो. या सर्व व्यवहाराच्या मुळाशी एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती ही की, अशिलाला आपले हित कळते. परंतु त्याला ते कळतच नसेल तर? आपल्यावर आरोप कोणता आहे हे ज्याला उमगत नाही, किंवा ते उमगूनही ‘मला फाशी मिळालीच पाहिजे’ असा जो हट्ट धरून बसतो, त्याचे वकीलपत्र घेणाऱ्याने काय करावे? आज मी आपणांपुढे जो इतिहास ठेवणार आहे तो या प्रश्नाचा आहे. तो घडला पुष्कळसा इंग्लंडात. परंतु त्याचा निकाल आपल्या देशाच्या कायद्यात उतरला आणि आजही तो आपल्या न्यायालयांत लागू होत आहे. म्हणून तो आपला इतिहास आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आरंभीच एक खुलासा करतो. या भाषणात ‘वेडा’, ‘भ्रमिष्ट’ असे शब्द येतील. ते त्या त्या काळच्या कायद्याचे व लोकांचे शब्द आहेत. आजचा वैद्य ‘मानसिक आजार’ म्हणतो, आणि जन्मतःच ज्यांच्या बुद्धीची वाढ वेगळ्या रीतीने झालेली असते त्यांना या आजाऱ्यांहून निराळे गणतो. हा विवेक शहाणपणाचा आहे. परंतु इतिहासातील माणसे त्यांच्याच भाषेत बोलली पाहिजेत, एरवी त्यांची चूक आपल्याला दिसावयाची नाही.

प्रथम इ. स. १७६० सालाकडे वळू. अर्ल फेरर्स नावाच्या एका उमरावाने आपल्या कारभाऱ्याला गोळी घालून ठार केले. उमराव असल्यामुळे त्याचा खटला लॉर्डांच्या सभेपुढे चालला. घराण्यात वेडाची परंपरा होती आणि त्याचे स्वतःचे वर्तनही विक्षिप्त होते. त्याने बचाव दिला तो असा की, ‘मला अधूनमधून वेडाचे झटके येतात.’ आता गंमत पाहा. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे खुनासारख्या गुन्ह्यात आरोपीला वस्तुस्थितीसंबंधी वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क नव्हता. कायद्याचा मुद्दा निघाला तर वकील बोले. बाकीचे आरोपीने स्वतः पाहावयाचे. म्हणून आपण वेडे आहो हे शाबीत करण्याकरिता फेरर्सला स्वतःच साक्षीदार उभे करावे लागले आणि स्वतःच त्यांना प्रश्न विचारावे लागले. प्रश्न जितके नीट विचारावेत तितका तो शहाणा ठरणार. आणि नीट विचारू नयेत तर पुरावाच होणार नाही! अशा पेचात सापडलेला हा मनुष्य दोषी ठरला, आणि ५ मे १७६० रोजी टायबर्न येथे फासावर चढला. तो खरोखर वेडा होता की नव्हता, हा वाद आज मिटवावयाचे कारण नाही. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच की, ज्या रोग्याने आपला रोग स्वतःच युक्तिवादाने सिद्ध करावा अशी अपेक्षा असते, त्याला न्याय मिळणे केवळ दुरापास्त होय.

त्या वेळी वेड ओळखण्याची कसोटी तरी कोणती होती? १७२४ साली अर्नाल्ड नावाच्या एका इसमाच्या खटल्यात न्यायाधीश ट्रेसी यांनी ज्यूरीला सांगितले होते की, मनुष्याची समज व स्मृती सर्वस्वी नष्ट झालेली असली पाहिजे. तान्हे मूल, जनावर किंवा रानपशू यांच्यापेक्षा अधिक ज्ञान त्याला असता कामा नये. अशा मनुष्याला बंदूक विकत घेता येणार नाही, ती भरता येणार नाही आणि नेमही धरता येणार नाही. म्हणजे ज्याने गुन्हा केला तो या कसोटीला उतरणे कठीण, आणि जो या कसोटीला उतरेल त्याच्या हातून गुन्हा घडणेच कठीण!

ही कसोटी मोडली ती एका शिपायाच्या खटल्याने. जेम्स हॅडफील्ड हा इंग्रज घोडदळातील सैनिक. १७९४ साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे खोल घाव बसले. जीव वाचला, पण मन ठिकाणावर राहिले नाही. जगाचा अंत जवळ आला आहे, ख्रिस्ताचे पुनरागमन व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी आपला देह बळी गेला पाहिजे, अशी त्याची दृढ श्रद्धा झाली. पण आत्महत्या तर पाप! मग उपाय एकच: सरकारने आपल्याला मारावे. १५ मे १८०० रोजी लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात तिसरा जॉर्ज राजा आपल्या खास जागेत आला असता हॅडफील्डने त्याच्या रोखाने पिस्तूल झाडले. गोळी हुकली. राजावर शस्त्र उगारले म्हणजे देहान्त शिक्षा ठरलेली, हे त्याला पक्के ठाऊक होते. किंबहुना ते ठाऊक होते म्हणूनच त्याने हे केले.

दैवयोग असा की, हा आरोप खुनाचा नसून राजद्रोहाचा होता. राजद्रोहाच्या आरोपीला, सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या एका कायद्यामुळे, वकिलाकरवी पूर्ण बचाव करण्याची मुभा होती, व तयारीसाठी वेळही मिळत असे. ज्याने एखाद्या शेजाऱ्याचा जीव घेतला त्याला वकिलाचे तोंड नाही, आणि ज्याने राजावर गोळी झाडली त्याला आहे, असा तो विचित्र काळ होता. हॅडफील्डला वकील मिळाला तो थॉमस अर्स्किन, त्या पिढीतील इंग्लंडचा श्रेष्ठ वक्ता. २६ जून १८०० रोजी लॉर्ड केन्यन यांच्यापुढे खटला उभा राहिला.

अर्स्किनपुढील अडचण लक्षात घ्या. त्याच्या अशिलाने पिस्तूल मिळविले, ते भरले, योग्य जागा निवडली, परिणामाचा विचार केला. रानपशूच्या कसोटीला तो उतरण्यासारखा नव्हताच. दुसऱ्या एखाद्या वकिलाने हे सारे झाकण्याचा प्रयत्न केला असता. अर्स्किनने ते सरळ कबूल केले. तो म्हणाला त्याचा आशय असा की, समज व स्मृती सर्वस्वी गेलेला मनुष्य जगात क्वचितच आढळतो. वेडाचे खरे लक्षण म्हणजे भ्रम. भ्रमिष्टाची बुद्धी चालते, कित्येकदा तीक्ष्णपणेही चालते. परंतु ती ज्या पायावर उभी असते तो पायाच खोटा असतो. घटना आणि भ्रम यांचा संबंध दाखविता आला, म्हणजे आरोपी निर्दोष होय. हा संबंध दाखविण्याकरिता त्याने शस्त्रवैद्य व वैद्य यांच्या साक्षी काढल्या, डोक्यावरील जखमा ज्यूरीच्या नजरेस आणल्या, आणि थोड्याच दिवसांपूर्वी याच मनुष्याने आपल्या लाडक्या तान्ह्या मुलाला मारावयाचा प्रयत्न केला होता, ही हकीकत पुढे मांडली. राजाशी वैर असणारा मनुष्य आपल्या मुलावर हात टाकीत नाही. लॉर्ड केन्यन यांनी खटला मध्येच थांबविला, आणि गोळी झाडतेवेळी आरोपी वेडाच्या अमलाखाली होता म्हणून तो निर्दोष, असा निर्णय ज्यूरीने दिला.

येथे वकिलीचा एक मोठा धडा आहे. ‘मला मारा’ असे म्हणणाऱ्या अशिलाचे म्हणणे वकिलाने पुढे मांडले नाही, आणि त्याच्या तोंडी खोटेही घातले नाही. अशिलाच्या इच्छेला त्याने त्याच्या रोगाचा पुरावा केले.

परंतु अर्स्किनचा विजय पुरा झाला नाही. निर्दोष ठरलेल्या हॅडफील्डला सोडावयाचे कसे, या विवंचनेत पडलेल्या पार्लमेंटने त्याच वर्षी घाईघाईने कायदा केला की, वेडामुळे निर्दोष सुटलेल्यांना राजाची मर्जी असेपर्यंत कडक बंदोबस्तात ठेवावे. मर्जीला मुदत नसते. हॅडफील्ड लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या इस्पितळात १८४१ साली मरण पावला. निर्दोष म्हणून त्याने चाळीस वर्षे बंदिवास भोगला. आणखी एक गोष्ट त्याच वर्षी झाली. राजाच्या जिवावर प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्यांचे खटले यापुढे साध्या खुनाच्या रीतीने चालवावेत, असा कायदा करून ज्या सवलतींमुळे हॅडफील्ड वाचला त्याच काढून घेण्यात आल्या.

त्या सवलती नसल्या म्हणजे काय होते, हे पुढे बारा वर्षांनी दिसले. ११ मे १८१२ रोजी जॉन बेलिंगहॅम नावाच्या व्यापाऱ्याने मुख्य प्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांस पार्लमेंटच्या आवारात गोळी घातली. रशियात त्याला तुरुंगवास घडला होता आणि सरकारने त्याची दाद घेतली नाही, हे शल्य त्याच्या मनाला कुरतडीत होते. त्याला वेड आहे असे सांगणारे साक्षीदार लिव्हरपूलकडून यावयाचे होते. त्यांच्यासाठी मुदत द्यावी, अशी विनंती वकिलाने केली. ती नाकारण्यात आली. १५ मे रोजी खटला संपला, १८ मे रोजी फाशी झाली. गुन्ह्यापासून फासापर्यंत एक आठवडा! हॅडफील्डला सहा आठवडे मिळाले होते आणि अर्स्किन मिळाला होता. रोग खरा की खोटा, यापेक्षा तो शाबीत करावयास वेळ व माणूस मिळतो की नाही, यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असावेत, ही गोष्ट न्यायाला भूषणावह नव्हे.

१८३६ साली इंग्लंडात कायदा झाला आणि गंभीर गुन्ह्यांतील प्रत्येक आरोपीला वकिलाकरवी ज्यूरीपुढे बोलण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर सातच वर्षांनी मॅक्नॉटनचा तो प्रसिद्ध खटला आला. डॅनियल मॅक्नॉटन हा स्कॉटलंडातील लाकूड कातणारा कारागीर. टोरी पक्षाची माणसे आपला रात्रंदिवस पाठलाग करीत आहेत, आपल्याला झोप घेऊ देत नाहीत, आपला जीव घेऊ पाहत आहेत, असे त्याला वाटे. २० जानेवारी १८४३ रोजी त्याने मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्यावर लंडनच्या रस्त्यात पाठीमागून गोळी झाडली. ड्रमंड पाच दिवसांनी वारले. पकडला गेला तेव्हा या कारागिराजवळ ७५० पौंडांच्या ठेवीची पावती सापडली. तो पैसा त्याच्या बचावाकडे लागला, आणि अलेक्झांडर कोबर्न यांच्यासारखा बॅरिस्टर त्याला लाभला. कोबर्न यांनी वैद्यांची एक फळीच न्यायालयात उभी केली. सरकारपक्षाला त्यांच्याविरुद्ध एकही वैद्य आणता आला नाही. मुख्य न्यायाधीश टिंडल यांच्या सूचनेवरून ज्यूरीने मॅक्नॉटन यास निर्दोष ठरविले.

या निकालाने देशात काहूर उठले. तीनच वर्षांपूर्वी राणी व्हिक्टोरिया हिच्यावर पिस्तूल झाडणारा एक तरुण असाच वेडा ठरून वाचला होता. राणी रुष्ट झाली, वर्तमानपत्रे खवळली, आणि लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांना पाचारण करून विचारले की, वेडाचा कायदा आहे तरी काय? जून १८४३ मध्ये न्यायाधीशांनी जी उत्तरे दिली तीच ‘मॅक्नॉटनचे नियम’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचा मथितार्थ असा: प्रत्येक मनुष्य शहाणा आहे असे धरून चालावयाचे. वेडाचा बचाव घेणाऱ्याने हे स्पष्टपणे शाबीत केले पाहिजे की, कृत्य करतेवेळी मनाच्या रोगामुळे त्याची बुद्धी इतकी विकल झाली होती की, आपण काय करीत आहो हे त्याला कळत नव्हते. किंवा ते कळत असले तरी ते गैर आहे हे कळत नव्हते. ज्याला एखाद्याच गोष्टीचा भ्रम आहे त्याच्याविषयी न्यायाधीश म्हणाले की, तो भ्रम खरा असता तर त्याची जी जबाबदारी झाली असती तीच धरावी. समोरचा आपल्याला आता ठार मारणार आहे, असा भ्रम असून प्रहार केला तर क्षमा. त्याने आपली अब्रू घेतली, असा भ्रम असून सूड उगवला तर शिक्षा. म्हणजे मनुष्याने वेडे व्हावे, पण वेडातही शहाण्यासारखे वागावे!

श्रोतेहो, आता या नियमापुढे हॅडफील्डला उभे करून पाहा. आपण काय करीत आहो हे त्याला कळत होते काय? पुरतेपणी. ते कायद्याविरुद्ध आहे हे? तेही, कायद्याने फाशी द्यावी म्हणून तर त्याने ते केले. १८०० साली जो मनुष्य निर्दोष ठरला तो १८४३ च्या नियमाने बहुधा फासावर गेला असता. अर्स्किनने विचारले होते, ‘या मनुष्याचे मन कोणत्या भ्रमाने पछाडले होते?’ न्यायाधीशांनी त्या जागी दुसरा प्रश्न घातला, ‘त्याला कळत होते काय?’ मनाचा रोग कित्येकदा जाणीव शाबूत ठेवतो आणि बाकीचे सर्व खाऊन टाकतो. त्या रोग्याला हा दुसरा प्रश्न शिवतच नाही.

आता आपण हिंदुस्थानात येऊ. येथील फौजदारी कायद्याचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या कमिशनने १८३७ साली तयार केला. म्हणजे मॅक्नॉटनच्या गोळीच्या पाच वर्षांहून अधिक काळ आधी. त्या मसुद्यातील तरतूद साधी व रुंद होती: वेडाच्या किंवा वाताच्या परिणामी मनुष्याच्या हातून जे घडेल तो अपराध नव्हे. ‘परिणामी’ हा शब्द महत्त्वाचा. तो अर्स्किनच्या विचाराला जवळचा आहे. परंतु मसुदा तेवीस वर्षे पडून राहिला, आणि १८६० साली कायदा मंजूर झाला तेव्हा कलम ८४ मध्ये मॅक्नॉटनचा नियम येऊन बसला होता. कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, मनोविकलतेमुळे जाणण्यास असमर्थ असलेल्याला तेवढी माफी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हे शाबीत करण्याचे ओझे आरोपीच्या शिरावर ठेवले. लंडनच्या एका रस्त्यावरील गोळीने कोकणातील कुळवाड्याचे आणि वऱ्हाडातील मजुराचे भवितव्य ठरावे, असा हा योग.

त्याचा प्रत्यय १८८६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात आला. एका बापाने आपल्या पोटच्या मुलांना ठार मारले होते. तो तापाने फणफणलेला होता, आवाज म्हणून सहन होत नव्हता, आणि मुलांच्या रडण्याने तो चिडून गेला. तापाचा वात झालेला नव्हता. न्यायालयाने म्हटले की, आपण काय करीत आहो हे त्याला कळत होते. ज्या अर्थी ते कळत होते त्या अर्थी ते गुन्ह्याचे कृत्य आहे हेही कळत होते असे धरले पाहिजे. बाप दोषी ठरला. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख असेल. परंतु ज्या मुलांना त्याने वाढविले त्यांचाच जीव त्याने का घ्यावा, या प्रश्नाला कलमात जागाच नव्हती.

मग आपल्या देशातील वकिलांनी काय केले? कलम बदलणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी पुराव्याची वाट रुंद केली. १९६४ साली गुजरातेतून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोपीवरील ओझे फिर्यादी पक्षाइतके जड नाही. दिवाणी दाव्याप्रमाणे संभव दाखविला तरी पुरे. इतकेच नव्हे, तर तो बचाव पुरता शाबीत न झाला, तरी त्या पुराव्याने गुन्ह्याच्या हेतूविषयी वाजवी संशय उत्पन्न झाल्यास त्याचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे. त्या विशिष्ट आरोपीची शिक्षा मात्र कायम राहिली. ज्याच्या खटल्याने पुढच्यांसाठी दार उघडले, तो स्वतः आत जाऊ शकला नाही. कायद्याच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

त्या दाराने आत गेला तो महाराष्ट्रातील एक पोलीस शिपाई. २४ एप्रिल १९९४ रोजी, दिवसाढवळ्या, त्याने आपल्या पत्नीच्या डोक्यात वाटण्याचा दगड घालून तिला ठार केले. तो पळाला नाही, काही लपविले नाही. खालच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात मात्र २००२ साली तो निर्दोष सुटला. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते याचा साक्षीदार कोण असणार? कोणीच नाही. म्हणून न्यायालयाने त्या क्षणाच्या अलीकडे व पलीकडे पाहिले. वडिलांना मनाचा आजार होता. त्याला स्वतःला १९९२ पासून संशयाने ग्रासणारा स्किझोफ्रेनिया होता व त्यावर उपचार चालू होते. घटनेनंतर, २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या अवधीत, त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावे लागले. हेतू म्हणावा तर अगदी दुबळा. या सर्व कड्या जुळविल्यावर मधली न दिसणारी कडी न्यायालयाला दिसली.

१८८६ आणि २००२ या दोन निकालांत कलम एकच होते. दोन्ही खटल्यांची हकीकत सारखी नव्हती हे खरे. तापाची चिडचिड निराळी आणि जुना मनोविकार निराळा. तथापि फरक पाहण्याच्या रीतीतही आहे. एका ठिकाणी न्यायालयाने क्षण पाहिला, दुसऱ्या ठिकाणी आयुष्य पाहिले. आणि न्यायालयाला आयुष्य दाखवावयाचे कोणी? इस्पितळाची नोंदवही, औषधाची चिठ्ठी, शेजाऱ्याची आठवण, भावाने दहा वर्षांपूर्वी घातलेली एखादी हेलपाट, या साऱ्या गोष्टी शोधून आणणारा मनुष्य म्हणजे वकील. अशील त्या सांगणार नाही. कित्येकदा तो म्हणेल, ‘मला काही झालेले नाही.’ २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवरही हे कर्तव्य घातले: तपासात पूर्वीच्या वेडाची माहिती मिळाली तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करवून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवावा. कारण दिवस लोटले म्हणजे रोगाच्या खुणा पुसल्या जातात, आणि मग ओझे वाहणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

परंतु येथे थांबले तर इतिहासाचा अर्धा भाग सांगितल्यासारखे होईल. हॅडफील्डचा बंदिवास आठवा. आपल्या कायद्यातही, वेडामुळे निर्दोष ठरलेल्या मनुष्यास सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची तरतूद आहे. आणि स्वतःचा बचाव करण्यास जो आरोपी असमर्थ आहे त्याचा खटला तो बरा होईपर्यंत तहकूब करण्याचीही आहे. दोन्ही तरतुदी दयेच्या पोटी जन्मल्या. परंतु तहकूब केलेला खटला पुन्हा उघडण्याची आठवण कोणी ठेवावयाची? १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील हजारीबागच्या तुरुंगातील अशा कैद्यांची हकीकत आली. वेडे म्हणून ठेवलेली ती माणसे कित्येक वर्षांपूर्वी बरी झाली होती. तरी वीस वीस, तीस तीस वर्षे ती आत पडून होती. आसामातील एका इसमाची कथा त्याहूनही दारुण आहे. १९५१ साली तो तरुणपणी पकडला गेला, वेडा म्हणून इस्पितळात धाडला गेला. १९६७ साली तो ठीक असल्याचे तेथून कळविण्यात आले, तेव्हा त्याला घरी न पाठविता तुरुंगात पाठविले. २००५ साली तो बाहेर आला तेव्हा वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. चौपन्न वर्षे, आणि खटला एक दिवसही चालला नव्हता! त्याच्या बाबतीत कायद्याने क्रौर्य केले असे म्हणवत नाही. कायदा त्याला केवळ विसरला. आणि ज्याला स्वतःची आठवण करून देता येत नाही, त्याला विसरणे अतिशय सोपे असते.

आज स्थिती काय आहे? १९८७ च्या विधिसेवा कायद्याने अपंग व मनोरुग्ण यांना आणि कोठडीतील मनुष्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दिला. मॅक्नॉटनप्रमाणे ७५० पौंडांची पावती खिशात असण्याची गरज, निदान कागदावर, उरली नाही. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता व बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांनाही न्यायालयाची वाट मोकळी करून देण्याचे बंधन सरकारवर घातले. फाशीची शिक्षा झालेला कैदी नंतर गंभीर मनोरुग्ण झाला तर त्याला फाशी देऊ नये, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आणि पुन्हा २०१९ साली मान्य केली. यांपैकी दुसरा खटला महाराष्ट्रातला. मूळ कसोटी मात्र हललेली नाही. १८६० चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘मनोविकलते’च्या जागी ‘मानसिक आजार’ हा शब्द घातला होता. तो फार व्यापक होईल, असे संसदेच्या समितीने म्हटले, आणि जुना शब्द परत आला. कलम ८४ आता कलम २२ झाले आहे. प्रश्न तोच आहे: ‘त्याला कळत होते काय?’

कोणी म्हणेल, कसोटी सैल केली तर जो तो वेडाचे सोंग घेईल. आणि मारली गेली तिच्या आईबापांना काय सांगावयाचे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्या दगडाखाली एका स्त्रीचा प्राण गेला, हे आरोपीच्या वकिलानेही विसरता कामा नये. परंतु शिक्षेचा अर्थ ज्याला कळतो त्यालाच शिक्षा करण्यात न्याय आहे. ज्याला तो कळत नाही, त्याला केलेली शिक्षा मृताचे समाधान करीत नाही, आणि दुसऱ्या रोग्याला धाकही घालीत नाही. सोंगाच्या भीतीवर उपाय कसून केलेली तपासणी हा होय. रोग्याला सोंगाड्यांच्या रांगेत उभे करणे हा नव्हे.

अर्ल फेररर्सला आपले वेड आपणच शाबीत करावे लागले, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात न्यायाने एक गोष्ट खचित मिळविली: आता रोग्याच्या वतीने दुसरा कोणी बोलू शकतो. पण ते बोलणे निकालाच्या दिवशी संपावयाचे नसते. खटला तहकूब झाला तर त्याची तारीख कोणी तरी पाहिली पाहिजे; अशील येरवड्याला, ठाण्याला, रत्नागिरीला किंवा नागपूरला मनोरुग्णालयात गेला तर त्याच्या प्रकृतीचा अहवाल कोणी तरी मागितला पाहिजे; तो बरा झाला तर त्याच्या घरचे दार कोणी तरी ठोठावले पाहिजे. इतर अशिलांचे वकीलपत्र निकालाबरोबर सरते. वेड्याचे वकीलपत्र मात्र तो आपल्या पायांनी घरी जाईपर्यंत चालू असते, आणि त्यावरील सही पुष्कळदा त्याने केलेलीही नसते.